हरलेल्या विजेचा दुसरा डाव

पुण्यात तपकीर गल्लीत शिरलं की आपण काय घ्यायला आलो होतो ते पहिल्या दहा पावलांत विसरायला होतं. दिव्यांच्या माळा, वायरींची भेंडोळी, पंख्यांची पाती, रिमोटचे ढीग. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात तर तिथे कुणी चालत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो. मला हवा होता काड्यापेटीएवढा एक निळा बोर्ड. अरुंद दुकानातल्या काकांनी काउंटरखालच्या डब्यात हात घातला आणि विचारलं, "बूस्ट पाहिजे की बक?" बूस्ट, म्हटलं. "नक्की ना?" कारण दोन्ही बोर्ड दिसायला जुळ्या भावंडांसारखे. एक व्होल्टेज वाढवतो, दुसरा कमी करतो. गिऱ्हाईक घरी जाऊन चुकीचा जोडतं, धूर काढतं आणि मग काकांशी भांडायला येतं. शंभराची नोट दिली, सुटे परत आले.

बोर्डावर मोजून पाच-सहा वस्तू. काळी आयसी, तिच्यावर एक्सएल ६००९ असं बारीक अक्षरात. तांब्याच्या तारेची एक कॉइल. एक डायोड. दोन कपॅसिटर, छोट्या पिंपांसारखे. आणि निळ्या डबीतून डोकावणारा पितळी स्क्रू. घरी स्कूटरची जुनी १२ व्होल्टची बॅटरी होती आणि एका ट्रकवाल्याकडून आणलेला २४ व्होल्टचा एलईडी दिवा. बॅटरी थेट जोडली तर दिवा ढिम्म. मध्ये बोर्ड घातला, मीटर लावला आणि बारक्या स्क्रूड्रायव्हरने पितळी स्क्रू फिरवू लागलो. १३, १६, १९... दिवा आधी डोळे किलकिले करावेत तसा, मग लख्ख. मीटरवर २४.०. बॅटरीकडे मात्र १२.२ च.

कुठलीही जादू नाही, हिशेब लगेच मांडता येतो. दिवा घेत होता २४ व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे १२ वॅट. बॅटरीतून जात होते १२.२ व्होल्टवर १.१ अँपिअर, म्हणजे साडेतेरा वॅटच्या आसपास. मधला दीड वॅट कुठे गेला ते आयसीवर बोट ठेवल्यावर चटकन कळलं. व्होल्टेज दुप्पट झालं, पण त्यासाठी करंट दुपटीहून थोडा जास्त मोजावा लागला. दलाली धरून.

ही बारकी दलाली आणि तो पितळी स्क्रू थॉमस एडिसनकडे नव्हता. असता तर आपल्या घरात आज कोणती वीज असती, याची पैज लावायला मी तयार आहे.

४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं एडिसनचं वीज केंद्र सुरू झालं. तिथून जाणारी वीज डीसी होती, सुमारे ११० व्होल्टची. दिवे छान लागत, पण मैलभराच्या पलीकडे नाही. कारण सोपं आहे. तारेत वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढीच वीज कमी व्होल्टेजने न्यायची तर करंट जास्त, आणि करंट दुप्पट झाला की तारेतलं नुकसान चौपट. उपाय एकच: पाठवताना व्होल्टेज वाढवा, पोचल्यावर कमी करा. एसीला हे ट्रान्सफॉर्मरने साधलं. १८८५ साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या तिघा इंजिनिअरांनी व्यवहारात चालेल असा ट्रान्सफॉर्मर उभा केला आणि पुढच्या दहा वर्षांत वेस्टिंगहाऊस आणि टेस्ला यांच्या एसीने बाजी मारली. ट्रान्सफॉर्मरला सतत हेलकावणारा प्रवाह लागतो. डीसीचा प्रवाह एकाच दिशेने, एकाच गतीने चालतो. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या दृष्टीने डीसी म्हणजे नुसती गरम होणारी तार. डीसी हरली ती या एका कारणाने. हत्ती मारल्याच्या आणि विजेच्या खुर्चीच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात, पण खरा निकाल लोखंडी पत्र्यांवर गुंडाळलेल्या दोन वेटोळ्यांनी लावला.

हरली तरी ती लगेच मेली नाही. मॅनहॅटनमध्ये जुन्या इमारतींच्या लिफ्टना डीसी पुरवणारी शेवटची लाइन कापली गेली ती १४ नोव्हेंबर २००७ ला. आणि मुंबईकरांना तर हे सांगायलाच नको. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्याकडे हार्बर मार्गाने निघालेली देशातली पहिली विजेची गाडी १५०० व्होल्ट डीसीवर धावली. ती डीसी संपली एप्रिल २०१६ मध्ये, आणि संपली तीही हार्बरवरच. एक्क्याण्णव वर्षं लोकलने डीसी खाल्ली. १५०० व्होल्टवर तीन मेगावॅट घ्यायचे म्हणजे २००० अँपिअर. वरची तार जाडजूड हवी आणि सबस्टेशनं थोड्या थोड्या अंतरावर. २५,००० व्होल्ट एसीवर तेवढ्याच विजेला १२० अँपिअर पुरतात. रेल्वेने बदल केला तो योग्यच केला.

गंमत पुढे आहे. नव्या लोकलच्या पोटात ही २५,००० व्होल्टची एसी शिरते, ट्रान्सफॉर्मरने उतरते आणि ताबडतोब डीसी होते. त्या डीसीतून मग मोटरला हवी तशी तीन फेजची वीज घडवली जाते. घरातही तेच. एलईडी दिव्याच्या टोपीत एसीची डीसी होते. लॅपटॉपच्या अडॅप्टरमध्ये, टीव्हीत, फोनच्या चार्जरमध्ये, बीएलडीसी पंख्यात, वॉशिंग मशीनमध्ये, सगळीकडे हेच. 'इन्व्हर्टर एसी' घेतला म्हणून शेजारी मिरवतात त्या एसीच्या आतही आधी डीसीच होते. आपलं घर बाहेरून एसी आणि आतून डीसी झालंय, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही इतकंच.

आता त्या बोर्डाच्या पोटात काय चालतं ते बघू. शाळेत आपल्याला व्होल्टेजला 'विभवांतर' म्हणायला शिकवलं आणि विषय तिथेच संपला. तो शब्द बाजूला ठेवू आणि पाण्याकडे जाऊ.

जुन्या इमारतीत नळ धाडकन बंद केला की भिंतीतला पाइप 'ठक्' करून हादरतो. धावत्या पाण्याला एकदम अडवलं की त्याचा वेग दाबात बदलतो आणि तो दाब क्षणभर टाकीच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त असतो. या धक्क्यावर चालणारा एक पंप आहे, हायड्रॅम. फ्रान्सच्या जोसेफ माँगोल्फिए यांनी, हो, फुग्यातून माणूस उडवणाऱ्या भावांपैकीच एक, १७९६ साली तो आपोआप चालेल असा केला. ना डिझेल, ना वीज. वरून येणारं पाणी उताराच्या लांब पाइपमधून एका उघड्या झडपेतून वाहून जातं. वेग वाढला की पाण्याच्याच जोराने झडप बंद होते. ठक्. अडलेलं पाणी दुसऱ्या, एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेतून वर उसळतं आणि हवेच्या डब्यात शिरतं. दाब उतरला की पहिली झडप पुन्हा उघडते. ठक्... ठक्... ठक्. दोन मीटर पडणाऱ्या दहा लिटर पाण्यातून एखादा लिटर बारा मीटरवर चढतो, बाकीचं ओढ्याला जातं. कमी दाबाचं भरपूर पाणी देऊन जास्त दाबाचं थोडं पाणी विकत घेणं, इतकाच हा व्यवहार.

निळा बोर्ड म्हणजे विजेचा हायड्रॅम. लांब पाइपच्या जागी कॉइल, कारण कॉइलमधल्या करंटलाही वाहत्या पाण्यासारखाच जडपणा असतो. त्याला एकदम थांबवलेलं खपत नाही. पहिल्या झडपेच्या जागी मॉसफेट नावाचा स्विच, एकदिश झडपेच्या जागी डायोड, हवेच्या डब्याच्या जागी कपॅसिटर. स्विच चालू असताना करंट कॉइलमधून थेट परतीच्या तारेत धावतो आणि जोर धरतो. स्विच बंद होताच तो अडतो, कॉइल आपलं व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजवर चढवते आणि करंट डायोडमधून पलीकडे ढकलते. हायड्रॅम मिनिटाला पन्नास-साठ ठोके देतो. माझ्या हातातला बोर्ड सेकंदाला चार लाख देत होता, म्हणून ऐकू काहीच येत नव्हतं.

पितळी स्क्रूने बदलत होता तो एवढाच हिशेब: प्रत्येक ठोक्यात स्विच किती वेळ चालू ठेवायचा. निम्मा वेळ ठेवला तर व्होल्टेज दुप्पट, पाऊण वेळ ठेवला तर चौपट, नऊ दशांश वेळ ठेवला तर दहापट. निदान कागदावर.

हे तत्त्व नवीन नाही. पेट्रोलच्या गाडीत १२ व्होल्टच्या बॅटरीतून हजारो व्होल्टची ठिणगी काढणारी इग्निशन कॉइल याच धक्क्यावर चालते. नवीन आहे तो स्विच. सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करणारा, वर्षानुवर्षं न झिजणारा आणि उघडा असो वा बंद, स्वतः फारशी वीज न खाणारा. आधी सिलिकॉनचा, आता सिलिकॉन कार्बाइडचा आणि गॅलियम नायट्राइडचा. एडिसन हरला त्यानंतर हे मिळायला शतकभर जावं लागलं.

सूर्याच्या विजेला या स्विचची गरज का पडते? सिलिकॉनचा एक सेल, केवढाही मोठा घ्या, अर्ध्या व्होल्टच्या थोडं वर देतो. असे ७२ सेल एकापुढे एक जोडले की छतावर दिसतं तसं एक पॅनेल, काम करताना साधारण ३६-३७ व्होल्टचं. तेही २५ अंशांना. विदर्भात मे महिन्यात पॅनेलची काच ६५ अंशांवर जाते आणि प्रत्येक अंशाला व्होल्टेज सुमारे ०.३ टक्क्याने उतरतं. म्हणजे सूर्य जितका तापेल तितकं व्होल्टेज कमी, ३७ चे ३२-३३ होतात. लोकांना हे पटत नाही, "ऊन जास्त म्हणजे वीज जास्त" असंच सगळे धरून चालतात. उजेड जास्त म्हणजे करंट जास्त, ते खरं. उष्णता मात्र पॅनेलची शत्रूच. हायड्रोजनच्या फ्युएल सेलचीही तीच रड: एका सेलचे ओझ्याखाली जेमतेम ०.६-०.७ व्होल्ट. छोट्या पवनचक्कीचं व्होल्टेज तर वाऱ्याच्या मर्जीवर. निसर्गाकडून येणारी वीज अशी थोड्या व्होल्टेजची आणि लहरी, आणि ग्रिडला हवी ती ठरलेल्या व्होल्टेजची, न डुलणारी.

मग दहा पॅनेलं एकापुढे एक जोडून टाकावीत की! शेतातल्या सौर पंपांवर तसंच करतात. आठ-दहा पॅनेलांची माळ, तीनशेच्या वर व्होल्ट, कंट्रोलर, पंप. मोकळ्या रानात हे उत्तम. पण घराच्या छतावर एका पॅनेलवर पाण्याच्या टाकीची सावली पडते, दुसऱ्यावर नारळाच्या झावळीची. माळेतला करंट सगळ्यांत सारखाच असावा लागतो, त्यामुळे एकाची सावली सगळ्या माळेला भोवते. बायपास डायोड सावलीतल्या सेलना वळसा घालून देतात, पण मग त्यांची वीजही गेली आणि माळेचं व्होल्टेजही पडलं. प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र बूस्ट दिला तर ज्याने त्याने आपल्यापुरतं कमवावं आणि एकाच सामाईक तारेत टाकावं, असं होतं.

बूस्टकडून त्याच वेळी आणखी एक काम करून घेतात. पॅनेलकडून जास्तीत जास्त वॅट मिळतील असा एकच बिंदू असतो. फार करंट ओढला तर व्होल्टेज कोसळतं, कमी ओढला तर वीज वाया. तो बिंदू ढगागणिक सरकतो. कंट्रोलर तो शोधतो कसा? आपण पन्हं करतो तसा. थोडा गूळ घालून चाखायचं. बरं लागलं तर आणखी थोडा, जास्त झालं तर मागे. स्विच चालू ठेवायचा वेळ किंचित बदलायचा, वॅट वाढले का बघायचे, पुन्हा बदलायचा. दिवसभर हेच चालू. यातली खोड अशी की चाखत असतानाच कुणी मागून लिंबू पिळलं, म्हणजे ढग आला, तर कंट्रोलर समजतो की आपलंच चुकलं आणि भलतीकडे जातो. संशोधनाचे ढीगच्या ढीग या एका खोडीवर रचले गेलेत.

आता कागद आणि तांबं यांच्यातल्या भांडणाकडे वळतो, कारण या विषयातला खरा रस तिथे आहे.

एका पॅनेलचे ३६-३७ व्होल्ट ३८० वर न्यायचे, म्हणजे दहापट. सूत्र सांगतं, स्विच नऊ दशांश वेळ चालू ठेवा, झालं. पण कॉइल तांब्याची आहे आणि तांब्याला स्वतःचा रोध आहे. तो रोध समोरच्या लोडच्या रोधाच्या शंभराव्या भागाइतका जरी असला, तरी हिशेब मांडला की साध्या बूस्टला पाचपटीच्या वर जाताच येत नाही. स्विच नव्वद टक्क्यांच्या पुढे ताणत गेलात तर व्होल्टेज वाढायच्या ऐवजी उतरू लागतं. त्याहून वाईट म्हणजे त्या पाचपटीच्या शिखरावर निम्मी वीज कॉइललाच गरम करण्यात जाते. डायोड आणि स्विच आपला वाटा घेतात तो वेगळाच. म्हणून शहाणा डिझायनर साध्या बूस्टला दोन-तीन पटींपलीकडे ताणत नाही. टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये २०१.६ व्होल्टच्या बॅटरीचे ५०० पर्यंत करायला बूस्ट बसवला, म्हणजे अडीचपट. तिथे तो सुखाने राहतो.

दहापट हवी असेल तर दुसऱ्या वाटा काढाव्या लागतात. एक वाट अशी की एकाच गाभ्यावर दोन वेटोळी गुंडाळायची, एक कमी वेढ्यांचं, एक जास्त. थोडा बूस्ट, थोडा ट्रान्सफॉर्मर, अशी खिचडी. यात दोन वेटोळ्यांमधून निसटणारं थोडंसं चुंबकत्व स्विचच्या डोक्यावर व्होल्टेजचा काटा मारतं आणि तो काटा शोषून पुन्हा वापरात आणणं हीच त्यातली कारागिरी. दुसरी वाट कपॅसिटर आणि डायोडच्या शिडीची. कपॅसिटर शेजारी शेजारी भरायचे आणि एकावर एक रचून रिकामे करायचे. कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी १९३२ साली केंब्रिजमध्ये अशाच शिडीवर लाखो व्होल्ट चढवून अणू फोडला. तीच शिडी, दोन-तीन पायऱ्यांची, तुमच्या घरातल्या डास मारायच्या रॅकेटमध्ये आहे. 'चट्' आवाज येतो तो तिचा.

तिसरी युक्ती व्होल्टेज वाढवत नाही, पण मला ती सर्वांत देखणी वाटते. एकाच उखळात दोघी समोरासमोर उभ्या राहून कांडायच्या ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ती लगेच कळेल. एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली. ठोके दुप्पट, पण उखळ हादरत नाही आणि कुणी एकटी दमत नाही. दोन बूस्ट असे आळीपाळीने चालवले की करंट दोघांत वाटला जातो आणि त्यातले हेलकावे एकमेकांना खोडतात. कपॅसिटर लहान चालतो, पॅनेलवर ताण येत नाही. इंग्रजीत याला भारदस्त नाव आहे, पण मुसळांची जोडी म्हटलं तरी पुरतं.

बूस्टचा आणखी एक हट्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याला 'व्होल्टेज वाढव' म्हटलं की ते आधी घटतं, मग वाढतं. कारण वाढवायचं म्हणजे स्विच जास्त वेळ चालू ठेवायचा, आणि तेवढा वेळ पलीकडे काहीच पोचत नाही. लांब उडीआधी दोन पावलं मागे जावं तसं. कंट्रोलर उतावळा असेल तर घटलेलं बघून आणखी जोर लावतो आणि सगळं डुलायला लागतं. बूस्ट चालवायला म्हणूनच थोडा सबुरीचा कंट्रोलर लागतो.

इतका वेळ 'सामाईक तार' म्हणत आलो ती तार म्हणजेच डीसी मायक्रोग्रिड. एका बाजूने पॅनेलं, पवनचक्की, बॅटरी आपापल्या कन्व्हर्टरमधून तिला येऊन मिळतात, दुसऱ्या बाजूने दिवे, पंखे, पंप, फोन तिच्यातून घेतात. एसी ग्रिडमध्ये सगळ्यांना पन्नास हर्ट्झच्या तालावर पाऊल जुळवावं लागतं. इथे ताल नाही, एकच गोष्ट सांभाळायची, व्होल्टेज. आणि ते व्होल्टेजच निरोप्याचं काम करतं. तारेवर वीज कमी पडली की व्होल्टेज किंचित उतरतं, ते बघून बॅटरीचा कन्व्हर्टर आपणहून जास्त वाहायला लागतो. जास्त झाली की चढतं, बॅटरी चार्जिंगवर जाते. वेगळी निरोपाची वायर नको, इंटरनेट नको.

हे ऐकायला जितकं सोपं तितकं ते नसतं. जुना बल्ब समजूतदार होता. व्होल्टेज उतरलं की तो मंद व्हायचा आणि कमी घ्यायचा. आजची उपकरणं तशी नाहीत. त्यांच्या आत स्वतःचा कन्व्हर्टर असतो आणि त्याला ठरलेले वॅट हवेतच. व्होल्टेज उतरलं की तो जास्त करंट ओढतो, त्याने व्होल्टेज आणखी उतरतं. अशा दोन कन्व्हर्टरांची गाठ पडली की काय होतं आणि ते कसं टाळायचं, हे कॅलटेकच्या मिडलब्रुक यांनी १९७६ सालीच मांडून ठेवलं. डीसी ग्रिड उभारणाऱ्यांची झोप आजही तोच प्रश्न उडवतो.

तारेवर किती व्होल्ट ठेवायचे? २.५ चौरस मिलिमीटरची नेहमीची तांब्याची वायर घ्या. पन्नास मीटरवरच्या घराला ४८० वॅट द्यायचे. जाऊन-येऊन शंभर मीटर, रोध सुमारे ०.७४ ओहम. बारा व्होल्टवर नेऊ म्हटलं तर ४० अँपिअर लागतील आणि तारेतच तीस व्होल्ट पडतील, म्हणजे हिशेब सुरू व्हायच्या आधीच संपला. ४८ व्होल्टवर १० अँपिअर, तारेत ७४ वॅट जळतात. ३८० व्होल्टवर सव्वा अँपिअर, जळतो सव्वा वॅट. चहाच्या टपरीवर कागदाच्या मागे मांडता येईल असं हे गणित, पण अख्ख्या विषयाचा निकाल त्यात आहे. घरातल्या घरात ४८ चालतं आणि हात लागला तरी जीव जात नाही. टेलिफोन एक्स्चेंज कित्येक दशकं त्यावरच चालले. गल्ली किंवा वाडी ओलांडायची तर ३८० च्या आसपास जावं लागतं, आणि तिथे जायला दहापटीचा बूस्ट लागतो. साडेसातशे किलोमीटर जायचं असेल तर? चंद्रपूरहून पडघ्याला १९९९ पासून ५०० किलोव्होल्टची डीसी लाइन येते, १५०० मेगावॅटची. डीसी आता त्या टोकालाही आहे.

उत्तर प्रदेशात सीतापूरच्या बाजूला 'मेरा गाव पॉवर'ने २४ व्होल्टचे छोटे डीसी ग्रिड उभारले: घरटी दोन दिवे आणि एक मोबाइल चार्जिंग, तेही रात्रीचे ठरावीक तास. चोवीस व्होल्ट म्हणजे तार लांब जात नाही, म्हणून पुंजक्यापुंजक्याने घरं जोडायची. आयआयटी मद्रासमध्ये अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४८ व्होल्ट धरले. गेल्या दशकाच्या मध्यावर राजस्थानात जोधपूर आणि जैसलमेर जिल्ह्यांतल्या सुमारे ४००० घरांत त्यांची पद्धत बसली. वाळवंटातल्या एकमेकांपासून लांब ढाण्यांतली, म्हणजे वस्त्यांतली घरं, खांब टाकत जाणं परवडणारं नाही. छतावर १२५ वॅटचं पॅनेल, एक बॅटरी, डीसीवर चालणारा पंखा, ट्यूब, दिवा, फोनचं चार्जिंग. मध्ये इन्व्हर्टर नाही. तेवढ्यावर पंखा चालतो, कारण बीएलडीसी पंखा २८-३० वॅट घेतो, जुना ७५ घ्यायचा. इन्व्हर्टर काढून टाकण्याने काय साधतं ते एका उदाहरणाने बघा. चार्ज कंट्रोलर ९५ टक्के कार्यक्षम, इन्व्हर्टर ९०, उपकरणाचा अडॅप्टर ८५ धरला, तर शंभरातले ७३ पोचतात. मधले दोन जाऊन ९५ टक्क्यांचा एक कन्व्हर्टर आला तर ९०. शंभरामागे सतराचा हा फरक पाच किलोवॅटच्या बंगल्यावर कुणी मोजत नाही. १२५ वॅटच्या पॅनेलवर तो पाऊण पंख्याएवढा असतो.

याच मंडळींची एक कल्पना मला फार आवडली होती. भारनियमनात फीडर पूर्ण बंद करण्याऐवजी दहा टक्के वीज चालू ठेवायची आणि ती घरात वेगळ्या ४८ व्होल्ट डीसी वायरवर द्यायची. दिवा-पंखा कधीच जाणार नाही, फ्रिज-गिझर तेवढा वेळ गप्प. ती देशभर पसरली नाही. दरम्यान खांबावरची वीजच बऱ्याच ठिकाणी पोचली.

इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. बिहारमधल्या धरनईत २०१४ साली ग्रीनपीसने १०० किलोवॅटचा सौर मायक्रोग्रिड उभारला. मोठा गाजावाजा झाला. गावकऱ्यांनी मात्र 'असली बिजली' मागितली. खांबावरची स्वस्त वीज आली आणि काही वर्षांत सौर केंद्राच्या आवारात गुरं बांधली जाऊ लागली. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या दरेवाडीत 'ग्राम ऊर्जा'ने २०१२ साली ९.४ किलोवॅटचा ग्रिड केला तेव्हा घरांपर्यंत नेली ती नेहमीची एसीच. यावर नाक मुरडणारे डीसीभक्त मला भेटलेत. मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. बाजारातला मिक्सर घरी आणला आणि चालला नाही, तर कार्यक्षमतेचे टक्के कुणाला सांगणार?

आणि बटणाचं काय? एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. बटण उघडताना ठिणगी पडली तरी ती पुढच्या शून्याला विझते. डीसीला शून्य नाही. ३८० व्होल्टच्या डीसीवर साधं बटण उघडलं तर ठिणगीची ज्योत होते, ती ताणत जाते आणि संपर्काचं पितळ वितळवते. छतावरच्या सौर वायरिंगला आग लागण्याच्या घटनांत ढिल्या कनेक्टरमधली ही डीसीची ज्योत नेहमीची गुन्हेगार असते. तिला विझवणारे ब्रेकर मिळतात, महाग असतात, आणि मध्ये एसीचा स्वस्तातला एमसीबी ठोकून देणारे वायरमनही मिळतात. तुमच्या छतावर पॅनेलं असतील तर हे वाचून झाल्यावर एकदा वर जा आणि डीसी बाजूच्या ब्रेकरवर खरोखर डीसी लिहिलंय का, किती व्होल्टचं लिहिलंय, ते बघून या.

४८ व्होल्टला हा धोका फार कमी. त्यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०१७ साली आयएस १६७११ काढलं. म्हणजे कन्व्हर्टर आहे, पंखा आहे, दिवा आहे, मानकही आहे. माझं मत विचाराल तर खांबावरची वीज दारात आहे तिथे घर उकरून डीसी करू नये. जिथे खांब पोचत नाही, किंवा जिथे पॅनेल, बॅटरी आणि लोड सगळं डीसीच आहे, टेलिकॉम टॉवर, गाड्यांचं चार्जिंग, डेटा सेंटर, तिथे मात्र मध्ये एसी घुसडणं हा निव्वळ सवयीचा खर्च आहे.

परवा पुन्हा तपकीर गल्लीत गेलो होतो. बूस्ट बोर्ड आणखी दोन घेतले आणि काकांना विचारलं, "अठ्ठेचाळीस व्होल्ट डीसीचं सॉकेट आणि बटण आहे का, घरात भिंतीवर लावायला?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं, आत पोराला हाक मारली, दोन खण उघडले आणि नेहमीचं दोनशे तीसचं बटण पुढ्यात ठेवलं. "हेच लावतात सगळे."

त्या बटणावर फक्त एसीचा आकडा छापलेला होता.